आजींच्या फोनपर्यंत पोहोचणारे चित्र

पर्युषणाचे आठ दिवस जवळ येऊ लागले की संघाच्या कार्यालयात दोन प्रकारची धांदल सुरू होते. पहिली पूर्वापार चालत आलेली: मंडप, बैठक, पारण्याची व्यवस्था, बोलीची वही. दुसरी अलीकडच्या वर्षांतील: कॅमेरा, तारा, इंटरनेटची जोडणी आणि ‘बाहेरगावच्यांना दिसते आहे ना?’ हा दर पाच मिनिटांनी विचारला जाणारा प्रश्न. महाराज साहेबांसमोर कॅमेरा असावा की नसावा, हा प्रत्येक संघाचा आणि गुरुभगवंतांच्या आज्ञेचा विषय आहे. त्याची चर्चा येथे अभिप्रेत नाही. मात्र जेथे प्रक्षेपण होते तेथे ते पोहोचते कोणापर्यंत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. जे मंडपात येऊ शकतात त्यांना त्याची गरज नसते. ज्यांना गरज असते ते बहुधा वृद्ध, आजारी किंवा आडगावी राहणारे असतात, आणि नेमके त्यांच्याच हाती सर्वांत दुबळी जोडणी असते.

एका तालुक्याच्या गावातील संघाला मागील चातुर्मासात याचा अनुभव आला. संघाने चांगला कॅमेरा घेतला आणि आषाढातील पहिल्या रविवारी प्रवचनाचे प्रक्षेपण संघाच्याच संकेतस्थळावर सुरू केले. चित्र एकाच प्रतीचे होते, १०८० ओळींचे, सेकंदाला ५ मेगाबिट मागणारे. पुण्या-मुंबईच्या नातलगांनी कौतुकाचे निरोप पाठविले. तेथून वीस किलोमीटरवरील एका खेड्यात, भुसार दुकानाच्या मागील खोलीत, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी मुखवस्त्रिका हाती घेऊन सकाळी साडेआठलाच फोनसमोर बसल्या होत्या. गावाला टॉवर एक, आणि त्या वेळी वाट्याला येणारा वेग जेमतेम दीड मेगाबिट. चित्र काही क्षण हलायचे, मग थांबायचे आणि मधोमध चक्र फिरू लागायचे. आजींना वाटले, महाराज साहेबांची प्रकृती बिघडली असावी. त्यांनी मुलाला दुकानातून हाक मारून संघाला फोन करायला लावला.

येथे थोडा हिशेब करणे इष्ट. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फोनचा पॅक बाइटमध्ये विकतात. आठ बिटांचा एक बाइट. बिट आणि बाइट यांतील हा आठपटीचा फरक ज्याच्या लक्षात राहत नाही तो दोन्हीकडे फसतो. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने तासाला सव्वादोन जीबी लागतात. रोजचा दीड जीबीचा पॅक अशा चित्रापुढे बरोबर चाळीस मिनिटे टिकतो. म्हणजे टॉवरने साथ दिली असती, तरी सव्वा तासाचे प्रवचन आजींच्या पॅकात मावणारे नव्हते.

संघातील एका तरुणाने हे काम अंगावर घेतले. हा मुलगा दिवसा वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो आणि रात्री संगणकावर. त्याने चित्राच्या तीन प्रती केल्या आणि पानावर तीन बटणे ठेवली: उत्तम, मध्यम, साधे. पुढच्या रविवारी जवळजवळ सर्वांनी ‘उत्तम’ दाबले. साधे चित्र मागून घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! १९९५ साली रिअलऑडिओ आले आणि संगणकावर आवाज ऐकण्याची सोय झाली, त्यानंतरच्या काळातही संकेतस्थळे हेच विचारीत असत की, आपला मोडेम २८.८ चा की ५६ चा? तेव्हा निदान मोडेमच्या खोक्यावर आकडा छापलेला असे. आज फोनच्या कोपऱ्यात ‘४जी’ किंवा ‘५जी’ असे लिहिलेले असते, पण ते टॉवरच्या जातीचे नाव आहे. त्या क्षणी वाट्याला किती येते याचा तो दाखला नव्हे.

तेव्हा पाहुण्याला विचारू नये, स्वतःच मोजावे, असे त्या तरुणाने ठरविले. पद्धत वरवर निर्दोष होती. पान उघडताच १०० किलोबाइटची एक छोटी फाइल फोनकडे पाठवायची, ती पोहोचण्यास किती वेळ लागला ते पाहायचे आणि भागाकार करून योग्य प्रत सुरू करायची. वजन माहीत, वेळ माहीत, मग वेग निघालाच. वेबवर ही युक्ती बऱ्याच वर्षांपासून प्रचलित आहे, आणि ती बऱ्याच वर्षांपासून फसवीतही आली आहे.

तिसऱ्या रविवारी तक्रार पुण्याहून आली. वीस मेगाबिटची जोडणी असलेल्या घरी धूसर चित्र दिसत होते. कारण शोधताना कळले की संघाचा भाड्याचा सर्व्हर स्वस्त म्हणून युरोपातील घेतला होता, आणि तेथे निरोप जाऊन परत येण्यास सुमारे ०.१५ सेकंद लागत होते. एवढ्याशा विलंबाने काय बिघडते, असे वाटेल. परंतु इंटरनेट पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगाने धावत नाही.

त्यामागे एक जुना प्रसंग आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधील जोडणी अक्षरशः गुदमरली. दोन्ही ठिकाणांत अंतर ४०० यार्डांचे. सेकंदाला ३२ हजार बिट वाहणारा मार्ग ४० बिटांवर आला. जो तो संगणक वाट न पाहता आपला माल पुन्हा पुन्हा ढकलीत होता आणि त्या गर्दीत कोणाचाच पोहोचत नव्हता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली यावर जो उपाय मांडला तो आजही चालतो: प्रत्येक नव्या जोडणीने आधी थोडे पाठवावे, पोच मिळाली की दुप्पट, पुन्हा पोच मिळाली की त्याच्या दुप्पट. नव्या गिऱ्हाइकाला व्यापारी उधारी देतो त्याच बेताने.

म्हणून १०० किलोबाइटच्या फाइलला दोन फेऱ्या ओळखदेख करण्यात आणि सुमारे तीन फेऱ्या प्रत्यक्ष मालात जातात. पाच फेऱ्या, प्रत्येकी ०.१५ सेकंद, म्हणजे पाऊण सेकंद. वीस मेगाबिटच्या रस्त्यावरून ही फाइल एरवी एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात गेली असती. पाऊण सेकंद लागल्यामुळे भागाकाराचे उत्तर आले साधारण १ मेगाबिट. याच सर्व्हरवरून एक मेगाबिटच्या रस्त्यावर तीच फाइल सव्वा सेकंद घेते आणि उत्तर येते सुमारे ०.६५. प्रत्यक्षात वीसपट अंतर असलेल्या दोन जोडण्या या मोजमापात दुपटीच्याही आत आल्या. रस्त्याची रुंदी मोजायला निघालेल्याने त्याची लांबी मोजली होती.

त्याहून मौजेचा प्रकार चौथ्या रविवारी घडला. आजींच्या फोनने वेग सांगितला, ८० मेगाबिट. त्या गावात एवढा वेग आजवर कोणी पाहिलेला नाही. झाले असे की आधीच्या रविवारी आलेली चाचणीची फाइल फोनने आपल्याच पोटात जपून ठेवली होती आणि या वेळी तेथूनच काढून दाखविली. मार्ग मोजलाच गेला नाही, फोनने स्वतःची स्मरणशक्ती मोजली. परिणामी सर्वांत दुबळ्या जोडणीवर सर्वांत जड चित्र येऊन आदळले. दरवेळी फाइलला नवे नाव देण्याची साधी दुरुस्ती त्या तरुणाने त्याच दुपारी केली. तरीही मूळ दोष राहिलाच: साडेआठला मोजलेला वेग सव्वानऊला तोच राहील, याची हमी कोण देणार? नऊनंतर गाव जागे होते, प्रत्येक जण फोन उघडतो आणि एकाच टॉवरची भाकरी अनेकांत वाटली जाते. त्यात पाऊस. कर्ज मंजूर करताना पाहिलेला ताळेबंद वर्षभर तसाच राहील असे मानणाऱ्या बँकेसारखीच ही चूक होती.

यावरील खरा उपाय मोठ्या कंपन्यांनी आधीच शोधून ठेवलेला आहे. मायक्रोसॉफ्टने २००८ साली, ॲपलने २००९ साली आपापली पद्धत आणली आणि २०१२ मध्ये ‘डॅश’ या नावाने तिचे आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले. तिघांची कल्पना एकच. चित्रफीत अखंड पाठवायचीच नाही. सहा-सहा सेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा पाच-सहा प्रतींत तयार ठेवायचा. कोणता तुकडा कोणत्या प्रतीत कोठे आहे याची एक यादी फोनला आधी मिळते. फोन एक तुकडा मागतो, तो किती वेळात आला ते पाहतो आणि पुढचा कोणत्या प्रतीचा मागायचा हे स्वतः ठरवितो. वेगळी चाचणी नको, कारण प्रत्येक तुकडा हीच चाचणी. सर्व्हर फक्त कोठारवाला; निवड करणारा ग्राहक.

तथापि येथेही सरासरीचा सापळा आहे, आणि वाणिज्य शाखेत संख्याशास्त्र शिकलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. समजा एक तुकडा १० मेगाबिट वेगाने आला आणि तेवढ्याच वजनाचा दुसरा १ मेगाबिटने. साधी सरासरी साडेपाच. पण दोन्ही तुकड्यांना मिळून लागलेला वेळ पाहिला, तर खरा वेग निघतो १.८ च्या आसपास. परीक्षेत हार्मोनिक मीन कशासाठी शिकवितात असा प्रश्न ज्यांना पडला असेल, त्यांच्यासाठी उत्तर येथे आहे. साध्या सरासरीवर विसंबलेला फोन जड तुकडा मागून बसतो आणि चक्र फिरू लागते.

पुढे तर वेग मोजण्यावरच शंका घेतली गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि नेटफ्लिक्स येथील संशोधकांनी २०१४ साली मांडलेला विचार व्यापाऱ्याला चटकन पटेल असा आहे. रस्त्यावर गाड्या किती वेगाने येत आहेत हे पाहत बसण्यापेक्षा गोदामात माल किती आहे ते पाहावे. फोनमध्ये पुढच्या दोन-तीन मिनिटांचे चित्र साठलेले असेल तर चांगली प्रत मागावी. साठा दहा सेकंदांवर आला असेल तर हलकी मागावी. साठा भरतो आहे की उतरतो आहे, यातच रस्त्याची सारी बातमी असते. नेटफ्लिक्सच्या प्रत्यक्ष प्रेक्षकांवर हे करून पाहिल्यावर, मध्येच थांबण्याचे प्रमाण त्यांच्या तेव्हाच्या पद्धतीपेक्षा १० ते २० टक्क्यांनी कमी झाले. वेगाचा अंदाज अगदी सुरुवातीला, गोदाम रिकामे असताना, तेवढा उपयोगी ठरला.

हा विचार संघाने स्वीकारला, पण थेट प्रक्षेपणात एक अडचण होती. चित्रपट आधीच तयार असतो, त्याची पुढची तीन मिनिटे साठवून ठेवता येतात. महाराज साहेब जे अजून बोललेच नाहीत ते कोण साठविणार? साठा हवा असेल तर प्रक्षेपणच तेवढे मागे ठेवावे लागते. तरुणाने तीस सेकंदांचा साठा मागितला. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत यावरूनच खरा वाद झाला.

“काका, तीस सेकंद मागे राहिलो तर खेड्यात चित्र थांबणार नाही.”

“आणि जन्मवाचनाच्या दिवशी?” कोषाध्यक्षांनी विचारले. “मुंबईची मंडळी चित्र पाहून फोनवरून बोली बोलतात. त्यांना शेवटचा आकडा ऐकू येईपर्यंत येथे बोली सुटलेली असेल. स्वप्नांची बोली ही संघाची वर्षाची जमा आहे, बेटा. ती तीस सेकंदांवर टांगायची?”

शंका रास्त होती. पाळण्याच्या बोलीत अर्ध्या मिनिटात किती आकडे पुढे सरकतात, हे मंडपात बसलेल्यांना सांगायला नको. एका बाजूला संघाची देवद्रव्याची जमा, दुसऱ्या बाजूला वर्षभर या दिवसाची वाट पाहणारी, बोलीत एक रुपयाही न बोलणारी म्हातारी माणसे. बैठक लांबली. अखेर अध्यक्षांनी तोड काढली ती तांत्रिक नव्हती. बोली बोलणाऱ्या बाहेरगावच्या मंडळींना एका साध्या सामूहिक फोनवर घ्यायचे. आवाज फोनवर लगेच पोहोचतो. चित्र मागून येईना का. कोषाध्यक्षांनी मान्यता दिली, परंतु फोनजवळ स्वतः बसण्याच्या अटीवर.

मग प्रतींची शिडी ठरली. नेटफ्लिक्सने एके काळी सर्व चित्रपटांना एकच शिडी लावली होती, २३५ किलोबिटपासून ५८०० किलोबिटपर्यंत. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केले की यापुढे प्रत्येक चित्रपटाची शिडी वेगळी असेल, कारण धावत्या घोड्यांच्या दृश्याला जेवढे बिट लागतात तेवढे शांत संवादाला लागत नाहीत. प्रवचनाइतके शांत दृश्य दुसरे कोणते? मागे पांढरी भिंत, पुढे पाटावर स्थिर बसलेले महाराज साहेब; हलतात ते ओठ आणि कधीमधी हात. अशा चित्राला ४८० ओळींतही ५०० किलोबिट पुरले. तासाला सव्वादोनशे एमबी. सर्वांत वरची पायरी अडीच मेगाबिटवर थांबविली, खालची १५० किलोबिटवर, आणि त्याहीखाली नुसता आवाज, ६४ किलोबिटचा. नुसत्या आवाजाला तासाला २९ एमबी पुरतात. चित्र सुटले तरी शब्द सुटू नये, ही अट आजींच्या मुलाने घातली होती. तो त्या बैठकीला मुद्दाम आला होता. सर्व्हरही युरोपातून मुंबईला आणला. त्याचे भाडे वाढले, पण पाठविल्या जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे मोजावे लागत असल्याने हलक्या प्रतींनी ते बरेचसे भरून काढले.

दुकानदारांनी या साऱ्याकडे केवळ धर्मकार्य म्हणून पाहू नये. आज साड्या, दागिने, फर्निचर यांच्या चित्रफिती संकेतस्थळावर टाकण्याची चढाओढ आहे, आणि बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यातून निघालेली अवजड फाइल जशीच्या तशी टाकलेली असते. अकामाई या कंपनीच्या जाळ्यावरून चित्रफिती २ कोटी ३० लाख वेळा पाहिल्या गेल्या, त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्र सुरू होण्यास दोन सेकंदांहून अधिक लागले की लोक निघून जाऊ लागतात, आणि त्यापुढील प्रत्येक सेकंदाला सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण ५.८ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. दुकानाच्या काचेवर खर्च करायचा आणि दार मात्र गंजलेले ठेवायचे, असा हा प्रकार होतो. पहिला तुकडा नेहमी हलका द्यावा. साठा जमला की प्रत चढविता येते. फोनमध्ये डेटा वाचविण्याची सोय ग्राहकाने चालू ठेवली असेल, तर काही ब्राउझर तसे संकेतस्थळाला कळवितात. त्या खुणेचा मान ठेवावा.

देशपातळीवरही हेच घडून गेले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सारा देश घरी बसला तेव्हा जाळ्यावरील ताण हलका करण्यासाठी चित्रफिती दाखविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी मोबाइलवरील चित्र काही काळ ४८० ओळींवर आणले. फारशी ओरड झाली नाही. हातावर मावणाऱ्या पडद्यावर त्यातला फरक किती जणांच्या ध्यानात आला असेल, कोण जाणे.

महावीर जन्मवाचनाच्या दिवशी मंडप तुडुंब भरला होता आणि पाऊसही होता. त्या सकाळच्या नोंदी तरुणाने रात्री उघडून पाहिल्या. आजींच्या फोनने सुरुवात १५० किलोबिटवर केली, मग साठा जमताच ४८० ओळींची प्रत घेतली, नऊ वाजून दहा मिनिटांनी पुन्हा खाली उतरला. अकरा मिनिटे तर नुसता आवाज होता. चौदा स्वप्ने उतरू लागली तेव्हा चित्र परतले होते. सव्वा तासात चक्र एकदाही फिरले नाही. मुंबईच्या एका मंडळीने फोनवरून पाळण्याची बोली घेतली, कोषाध्यक्षांनी आकडा स्वतःच्या हाताने वहीत लिहिला.

तरीही दुपारी खेड्यातून फोन आलाच. आजींचा आवाज होता. पाळणा छान दिसला, म्हणाल्या, पण बोली कोणाची गेली ते नाव काही कळले नाही. तेवढ्यात कोणीतरी माइकजवळच ढोल वाजविला.